चैत्रातला ओला नाला

पेट्रोल पंपावर माणूस घाईत येतो, टाकी भरतो आणि जातो. त्यामुळे लोकांना वाटतं, तिथे काय घडणार? अहो, आमच्या पंपाच्या गाळाच्या टाकीत वर्षभरात जेवढा गाळ साठत नाही तेवढे किस्से साठतात. गाळ उपसायला निदान माणूस येतो. किस्से मलाच उपसावे लागतात, आणि मी सुरुवात केली की आमचे हे चहाचा कप घेऊन गॅलरीत निघून जातात. तुम्ही अजून ऐकलेले नाहीत, तेव्हा बसा.

आमचा पंप भोपाळात, कोटरा सुल्तानाबादच्या उतारावर. पंप माझ्या थोरल्या दिरांचा. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले, टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि फायली चाळत रिटायर झाले. दादांनी मात्र मंडीदीपच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून हा पंप उभा केला, तोही घरात सगळ्यांचा विरोध पत्करून. ऑफिस मी बघते.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी संशयी आहे. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त घातली तर मी जुडी उलटीसुलटी करून बघते. सासूबाई म्हणायच्या, हिला साक्षात देवाने प्रसाद दिला तरी ही आधी हुंगून बघेल. हुंगेन की! पंपाच्या धंद्यात नाक शाबूत असलेलं बरं.

*

पंप म्हटलं की तुम्हाला पेट्रोल आठवतं. आम्हाला पाणी आठवतं.

आमच्याकडे पाणी दोन जातीचं. एक पावसाचं. ते फरशीवरचं सांडलेलं तेल घेऊन वाहतं, म्हणून त्याला सरळ बाहेर सोडायचं नाही. कडेच्या चरातून ते आधी गाळाच्या टाकीत जातं. तिथे तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो आणि मधलं बरं पाणी पाईपने पंपामागच्या नाल्यात जातं. दुसरं पाणी संडास-बाथरूमचं. ते वेगळ्या पाईपने रस्त्याखालच्या सीवरमध्ये. या दोघांची गाठ पडता कामा नये. लग्नात रुसलेल्या व्याह्यांना जसं वेगवेगळ्या पंगतीला बसवतात, तसं दादा त्यांना सांभाळतात.

ओळखू यावं म्हणून पावसाच्या झाकणाला निळा रंग होता आणि घाणीच्या झाकणाला लाल. एकदा कंपनीचे मोठे साहेब येणार म्हणून दादांनी पेंटर लावला आणि त्याला सांगितलं, सगळं कसं एकसारखं दिसलं पाहिजे. त्याने ते मनावर घेतलं. दोन्ही झाकणं निळी, नळ निळा, आणि आग विझवायच्या वाळूच्या बादल्यासुद्धा निळ्या! बादल्या पुन्हा लाल करता आल्या, पण झाकणांचं काय? कुठलं कुठलं, हे आता फक्त रामदीनला कळायचं. रामदीन म्हणजे आमचा सगळ्यात जुना माणूस. तो वाकून वास घ्यायचा आणि सांगायचा.

साहेब आले. सगळं बघून खूश झाले आणि रामदीनला विचारलं, बरसाती चेंबर कुठलं? रामदीन हात जोडून पुढे गेला, एका झाकणापाशी गुडघे टेकले, खाली वाकला, क्षणभर डोळे मिटले, मग उठून दुसऱ्या झाकणाकडे बोट दाखवलं. साहेब दादांना म्हणाले, "आपके स्टाफ में बड़ी श्रद्धा है."

दादांनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

*

रामदीनचाच पुढचा प्रताप. पेट्रोलचा टँकर आला की आमच्याकडे ठरलेला शिरस्ता असतो. आधी नाल्याकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे चुकून काही सांडलं तर ते बाहेर जाणार नाही. मग टँकरला अर्थिंगची तार लावायची, आग विझवायचं सिलिंडर जवळ आणून ठेवायचं आणि थोडा वेळ थांबायचं. दादांनी हे त्याच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की टँकर दिसला की त्याचे हात आपोआप चालायचे.

एका दुपारी आमची बोअरची मोटर जळाली आणि मी पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवला. मी ऑफिसात हिशेब बघत होते. बाहेर बघते तर काय! पाण्याच्या टँकरला अर्थिंगची तार लावलेली, शेजारी सिलिंडर घेऊन रामदीन उभा, आणि टँकरचा ड्रायव्हर भेदरून झाडाखाली. रामदीन त्याला बिडी पेटवू देत नव्हता.

मी विचारलं, अरे, हे पाणी आहे ना? त्यावर तो म्हणाला, "भाभीजी, टँकर तो टँकर है. अंदर क्या है, आपने देखा है?"

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला. व्हॉल्व्ह उघडायला मात्र तो विसरला. संध्याकाळी धो धो पाऊस आला आणि पंपावर गुडघ्याला लागेल इतकं पाणी साचलं. गिऱ्हाइकं रस्त्यावरूनच परत गेली.

*

आता मी म्हणते तो मुख्य प्रकार इथून सुरू होतो. दसऱ्याला आम्ही मशिनींची पूजा करतो. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, नारळ, सगळं साग्रसंगीत. त्यानंतर काही दिवसांनी अवकाळी पाऊस झाला, आणि गाळाच्या टाकीतून पाणी बाहेरच जाईना. ते वरून ओसंडलं, तरंगतं तेल सोबत घेऊन थेट मागच्या नाल्यात गेलं.

माझा संशय सरळ फाटकाबाहेरच्या चहावाल्यावर. पप्पू नाव त्याचं. तोच चहाचा चोथा आमच्या चरात टाकत असणार. मी आठवडाभर त्याच्या बादलीवर नजर ठेवून होते. बिचारा चोथा पिशवीत भरून घरी न्यायला लागला.

मग टाकी उपसली. चोथ्याचा कणही नाही. निघाला तो झेंडू. टोपलीभर झेंडू, आंब्याची पानं आणि नारळाची शेंडी. उपसणारा म्हणाला, "यहाँ शादी हुई थी क्या?" दादा बाजूला उभे होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले तेव्हा हळूच म्हणाले, "निर्माल्य होतं गं. कचऱ्यात कसं टाकणार? पाण्यात सोडलं."

मंडीदीपच्या कारखान्यात मशिनी सांभाळलेला माणूस! पाणी म्हणून त्यांना टाकी दिसली आणि त्यांनी नमस्कार करून त्यात दसऱ्याचं विसर्जन केलं.

*

हे घरातल्या घरात मिटलं असतं, पण पंपाच्या मागे भिंतीला लागून डबीर काकांचं घर आहे. काकाही आमच्यासारखेच, वडिलांच्या बदलीबरोबर इकडे आलेले. जन्मभर एका कचेरीत बसून दुसऱ्यांच्या नाल्यांचे नकाशे तपासले, आणि पास कमी, नापास जास्त केले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला ते आणि दादा शेजारी उभे राहतात.

नाल्यावर तेलाचे रंग तरंगताना काकांनी पाहिले, फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पंपाची कृपा". दादांनी जाऊन हात जोडले, टाकीला जाळी बसवली, निर्माल्य पुन्हा कधी टाकलं नाही. पण काकांच्या डोक्यात एकदा जे शिरलं ते शिरलं. रोज सकाळी फिरायला जाताना ते नाल्यावरच्या छोट्या पुलावर, इथल्या भाषेत पुलियावर, थांबायचे आणि हात मागे बांधून आमच्या पाईपाच्या तोंडाकडे बघत राहायचे.

आता मला सांगा, रिकामा पाईप रोज कोण बघतो? मला वेगळाच वास आला. हे स्वतःच काहीतरी आणून ओतणार आणि नाव आमचं घेणार! मी रामदीनला सांगितलं, काका पुलियावर आले की लक्ष ठेव.

चार-पाच दिवसांनी विचारलं, काय दिसलं? रामदीन म्हणाला, "अंकलजी मुझे देख रहे थे, कि मैं उनको क्यों देख रहा हूँ." मग म्हणे दोघांनाही कंटाळा आला आणि दोघं पप्पूकडे चहा प्यायला गेले. पैसे काकांनी दिले. तेव्हापासून मी रामदीनवरही थोडं लक्ष ठेवायला लागले.

*

हिवाळा गेला, रंगपंचमी झाली, पाडवा झाला. भोपाळात तेव्हा ऊन असं तापतं की फरशीवर पाणी मारलं तर चरापर्यंत पोचत नाही. आणि तरी पंपामागचा नाला ओला! पावसाचा नाला, चैत्रात ओला, आणि त्याला वास असा की पदर नाकाला लावून जावं. तेलाचा नाही हो. संडासाचा.

काका म्हणाले, बघा. आता तेल नाही, पंपाचं संडासाचं पाणीच नाल्यात सोडलंय.

मी तोंडाने भांडले. पण घरी आल्यावर मलाच झोप लागेना. आमचे पाईप टाकले त्या ठेकेदाराचा माझा कधीच भरवसा नव्हता. झाकणांचे रंगही आता एकसारखे. खाली जमिनीत कुठला पाईप कुठे जोडलाय, हे कुणी पाहिलंय? रामदीन म्हणतो तसं, अंदर क्या है, आपने देखा है? ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, सब ठीक ही किया होगा, भाभीजी. त्या "होगा"ने माझी उरलीसुरली झोपही उडाली.

*

त्याच दिवसांत डबीर काकूंनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. काकू स्वभावाने गोड. काका पुलियावर उभे असले की इकडे त्या भिंतीवरून मला कढीपत्ता द्यायच्या. मी गेले. आंब्याची डाळ झाली, ओटी झाली. गर्दी होती म्हणून मीच म्हटलं, काकू, पन्हं मी काढते. फ्रिज उघडला. दारात दोन बाटल्या, दोन्हींत पिवळट काहीतरी. मी एक उचलली.

काकू मागून धावत आल्या. "ती नको गं, ती तुमच्या पंपाची!"

काकांनी नाल्याचं पाणी पुरावा म्हणून भरून ठेवलं होतं. फ्रिजमध्ये. पन्ह्याच्या शेजारी! सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पन्हं न पिता घरी आले, आणि त्या दिवशी ते प्यायलेल्या बायकांच्या तब्येतीची दोन दिवस चौकशी करत होते.

*

बाटली शेवटी तिच्या ठिकाणी, म्हणजे सरकारी कचेरीत, पोचली. नोटीस आली. पंपाचं घाण पाणी नाल्यात जातंय असं तपासणीत निघालं, तर पंप सील.

दादांनी नोटीस वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला, तिसऱ्या दिवशीही. सील झालेला पंप पुन्हा उघडायला माणसाचं उरलेलं आयुष्य जातं, हे त्यांना ठाऊक होतं. रामदीन आणि बाकीची माणसं नेहमीसारखी पेट्रोल भरत होती, पण सारखी फाटकाकडे बघत होती. दादा मला एवढंच म्हणाले, "माधुरी, मी सगळ्यांना हट्टाने सांगितलं होतं, हे माझं आहे, मी सांभाळीन." मला त्यांची इतकी दया आली आणि काकांचा इतका राग आला की त्या दिवशी भिंतीवरून आलेला कढीपत्ता मी परत दिला.

*

तपासणीचे साहेब आले. तरुण, शांत माणूस. म्हणाले, सोपं आहे. पंपाच्या संडासात रंग ओतू. नाल्यात रंग आला तर तुमचा पाईप चुकीचा. नाही आला तर तुम्ही सुटलात. खरं म्हणजे रस्त्यावरच्या सीवरचं झाकण उघडूनही बघता आलं असतं, पण नवा रस्ता करताना ते डांबराखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे नाल्याकडे बघत बसणं आलं.

रंग मी आणला होता. रंगपंचमीचा पक्का हिरवा. काकांनी अट घातली की पुडी त्यांच्यासमोर फोडायची. फोडली. रामदीनने बादलीत कालवून पंपाच्या दोन्ही संडासांत ओतला, वरून चांगलं पाणी ओतलं, आणि आम्ही सगळे पुलियावर जाऊन उभे राहिलो. साहेब, दादा, काका, रामदीन आणि मी.

दादांचे ओठ हलत होते. रामरक्षा चालली असणार. मी पाण्यावरून नजर हलवली नाही. काकांनीही नाही. पप्पूचा चहा आला, पिऊन झाला. नाला होता तसाच, काळपट. हिरवा टिपूसही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," काका म्हणाले. "हा रंगच बोगस आहे. दुकानदार हिच्या ओळखीचा."

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण बोगस कळलं. काकांनी मग हिंदीत सांगितलं की त्यांच्या घरी रंगपंचमीचा उरलेला पक्का गुलाबी आहे, तो ओतून बघा, मग मी मानतो. साहेब दमले होते, तरी म्हणाले, ठीक आहे, अंकल, ले आइए. काका घरी गेले.

बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, पळाले. दादा म्हणाले, असं बोलू नये. रामदीन म्हणाला, चेंबरपाशी तर काही करत नसतील? आणि तो जाऊन बघून आला. तेवढ्यात काका आले. हातात पुडी. मी पुडी घेतली आणि माझ्या लगेच लक्षात आलं.

"काका, ही फोडलेली आहे."

काकांचे दोन्ही हात मनगटापर्यंत गुलाबी झाले होते. ते म्हणाले, "फोडली. उरलेला रंग, दमट झाला असला तर? उतरतो की नाही ते बघून घेतलं. माझा कुणावर भरवसा नाही, माझ्या स्वतःच्या पुडीवरसुद्धा नाही."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला तो माणूस आपलासा वाटला. मी रामदीनला बादली भरायला सांगितली. तो निघाला, दोन पावलं गेला आणि पुलियाच्या कठड्यापाशीच थांबला.

"भाभीजी," तो अगदी हळू म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. काळपट पाण्यात आधी एक रेघ आली, मग ती पसरली, आणि बघता बघता सगळा नाला गुलाबी झाला.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आपने डलवा दिया क्या?"

मी हात वर करून पुडी दाखवली. ती अजून माझ्याच हातात होती. साहेबांनी रामदीनच्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं, मग काकांच्या हातांकडे.

तेवढ्यात भिंतीपलीकडून डबीर काकूंचा आवाज आला. "अहो, मोरीत बादलीभर रंग ओतून कुठे गेलात? आता ही फरशी घासायची कुणी?"